कुसुमबाईचं सामान आधी चढलं

माझं नाव नंदलाल. देवरीत आमगावच्या रस्त्याला लागून जी वस्ती आहे, तिच्या तोंडाशी माझं किराणा दुकान आणि दुकानाच्या अगदी समोर कुसुमबाईचं घर. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून दुसरं पाहायचं तरी काय? त्यामुळे या बाईबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं माझ्या सख्ख्या मावशीबद्दल नाही. मी तिला मावशीच म्हणतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, की या मावशीनं कित्येक वर्षं माझ्या डोक्याला ताप दिला.

ताकही फुंकून पिणारी माणसं आपण पाहतो. ही बाई फुंकून झाल्यावर ते ताक आधी दुसऱ्याला प्यायला लावील, अशी. माझ्याकडून डाळ नेली की ती घरी न जाता वाटेतल्या दुसऱ्या दुकानात तोलून पाहायची, आणि वजन बरोबर भरलं की त्या दुकानदाराचा काटा बिघडला असेल म्हणायची. मीटर पाहायला माणूस आला की त्याच्या मागे उभी राहून आकडे स्वतः वाचायची. दिवाळीत एकदा मी वस्तीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना बिस्किटाचे पुडे फुकट वाटले. बाकीच्यांनी हसून घेतले. कुसुमबाईनं पुड्यावरची तारीख वाचली, पुडा कानाजवळ हलवून पाहिला आणि मला विचारलं, "काऊन देऊन राहिला?"

"दिवाळी हाय, मावशी."

"दिवाळी त दरसाली येते," ती म्हणाली आणि पुडा गल्ल्यावर ठेवून गेली. त्या दिवशी मला असा राग आला होता की तिला उधार देणं बंद करावं, पण तिनं कधी उधार मागितलंच नव्हतं.

नवरा फार लवकर गेला. शालीकराम त्याचं नाव, गोंदियात ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. त्याच्यामागे कुसुमबाई कडेवरच्या पोराला घेऊन देवरीला आली आणि एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. तिथंही तिनं कोणाला सुखानं जगू दिलं नाही. तांदळाचं प्रत्येक पोतं हात घालून तळापासून हुंगायची, तेलाचा डबा उघडला की आधी तळहातावर थेंब. पुरवठा करणारे वैतागायचे. पण तिच्या हातचं खाऊन एकही पोरगं कधी आजारी पडलं नाही, हेही खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. त्याच कमाईवर तिनं हे घर बांधलं. गवंड्याच्या मागे उभं राहून सिमेंटची घमेली मोजली, पण बांधलं.

मुलगा राजदीप शिकला. गोंदियात गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागला. रोज बसनं अप-डाऊन करायचा, रात्री जेवतानाच झोपायचा. लग्न झालं, समीक्षा आली, आणि मग साहजिकच गोंदियात खोली पाहू म्हणून बोलणं निघालं. यात कोणाचं काही चुकलं नाही. रोज इतका प्रवास करून माणूस किती दिवस टिकेल?

खोल्या मिळाल्या, रेल्वेलाइनीच्या पलीकडे, दोन. ही बातमी आल्यापासून कुसुमबाई सकाळ-संध्याकाळ माझ्या दुकानासमोर उभी राहू लागली.

"नंदलाल, दोन खोल्यांत मी कोठी झोपन?"

"मावशी, हे पोराले विचारा."

"विचारलं. मनते, तू कायले काळजी करते, मी हाव ना."

"मंग झालं त."

"झालं कसं? थे समीक्षा काई बोलत नाई. आधी बोलत होती, आता बोलत नाई. तिच्या मनात काय हाय?"

मी हसून सोडून देत असे. पण एक होतं. इतकी वर्षं मी तिला साखर, साबण आणि शेजारपाजार यांच्यावर संशय घेताना पाहिलं होतं. तेव्हा तिच्या आवाजात भांडणाची खुमखुमी असायची. या वेळी नव्हती. तिला एवढंच हवं होतं की पोराच्या घरात कोपऱ्यात का होईना आपली खाट पडावी. हे ती सरळ म्हणत नव्हती, पण मला कळत होतं आणि पूर्ण वस्तीलाही कळत होतं. मी तिला एकदा म्हटलं, इथंच राहा ना, स्वतःचं घर आहे. त्यावर तिथंच उभा असलेला राजदीप घाईघाईनं म्हणाला, "नाई काका, आईले एकटीले ठेवलं त लोक काय मनतीन? घराले कुलूप लावतो." तेव्हा मला हा पोरगा फार चांगला वाटला.

दिवाळी उलटून धान चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी ट्रक आला, उलटा घेत घेत थेट कुसुमबाईच्या दाराशी. सोबत हमाल, आणि त्यांचा म्होरक्या बकाराम. हा बकाराम गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती रचून रचून पाठीतून वाकलेला, तोंडात कायम खर्रा. राजदीपनं मला बोलावलं, "काका, जरा नजर ठेवा, काच-बीच फोडतीन." मी दुकानावर बायकोला बसवलं आणि गेलो. खरं सांगायचं तर मला तमाशा पाहायचा होता. कुसुमबाई आणि परक्या माणसांच्या हातात तिचं सामान, म्हणजे काहीतरी होणारच.

ती दारातल्या पायरीवर बसली होती, तिथून घराचं दार आणि ट्रकचा हौदा दोन्ही दिसावेत अशी. राजदीप बकारामला बाजूला घेऊन कॅबिनजवळ काहीतरी सांगत होता. बकाराम मान हलवत होता. एकदा त्यानं वळून कुसुमबाईकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"काय कुजबुजून राहिले थे?" कुसुमबाईनं मला विचारलं.

"चहाचं असन, मावशी. हमालाले आधी चहा पायजे."

"चहाचं बोलाले माणूस माझ्याकडं पाहते का?"

माल चढायला लागला. सगळ्यात आधी गेली कुसुमबाईची लोखंडी पेटी, तिच्यामागे तांदळाचा ड्रम आणि मग तिची खाट. तिन्ही वस्तू अगदी आत, कॅबिनच्या भिंतीला टेकून. कुसुमबाई पायरीवरून उठून उभी राहिली.

"माझंच काऊन आधी?"

आता यात मला थोडी अक्कल आहे. दुकानाचा माल मी स्वतः गाडीत भरून आणतो. मी तिला समजावलं, की जड वस्तू पुढं, कॅबिनकडं आणि खाली ठेवायच्या असतात. मागं वजन झालं की ट्रकचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग ड्रायव्हरचं ऐकत नाही. हलकी चीजवस्तू वर आणि मागं. तुमची पेटी लोखंडाची, ड्रम भरलेला, मग तो पुढंच जाणार. फ्रीज उभाच न्यायचा, कपाटाचा आरसा गादीकडं तोंड करून. माझं भाषण चांगलं झालं असं मला वाटलं.

"कपाट जड नाई का?" ती म्हणाली.

कपाट राजदीप-समीक्षाचं. लग्नातलं, भलंमोठं, चार माणसांना न हलणारं. ते अजून घरातच होतं.

"जाईन थेही," मी म्हणालो.

मग बकारामनं कुसुमबाईचं अंथरुणाचं गाठोडं उचललं. सतरंजी, गोधडी, उशी, जुन्या लुगड्यात बांधलेली. मला वाटलं हे बाजूला ठेवेल, कारण अशा मऊ गाठोड्यांचा उपयोग शेवटी असतो, दोन भांड्यांच्या मधे कोंबायला, काचेला टेकू द्यायला. पण त्यानं ते नेऊन तिच्या पेटीवर ठेवलं. त्यामागून तिचा स्टोव्ह, तिची काठी, तिच्या चपलांची पिशवी. शेवटी शालीकरामचा काच लावलेला फोटो, तोही त्याच कोपऱ्यात, गाठोड्याच्या आणि कॅबिनच्या मधे. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो मात्र समीक्षानं स्वतः कापडात गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवला होता आणि ते खोकं अजून ओट्यावर होतं.

"फोटो तिथं हलत नाई, मावशी. काचेले थीच जागा चांगली," मी म्हणालो. या वेळी मी तिला समजावत होतो की स्वतःला, हे सांगता येणार नाही. कारण माझ्याही मनात पाल चुकचुकली होती.

समीक्षा आत-बाहेर करत होती. तिचे डोळे लाल होते. झाडलोट चालली होती, धूळ गेली असेल, असं मी धरून चाललो. ती सासूच्या पुढून जाताना पदर सावरायच्या निमित्तानं मान वळवायची. कुसुमबाईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

"नंदलाल, हे पोरगी माझ्याकडं पाहून नाई राहिली."

"कामात हाय थे."

"कामात माणूस आंधळं होते का?"

मला चीड आली. जाण्याच्या दिवशी तरी या बाईनं गप्प बसावं, सुनेला सुखानं सामान भरू द्यावं, असं मला मनापासून वाटलं, आणि मी तसं बोलणारही होतो. तेवढ्यात बकारामनं ट्रकमध्ये एक दोर टाकला. कुसुमबाईच्या सामानाच्या अलीकडून, या कडीपासून त्या कडीपर्यंत आडवा, ताणून. त्यावर त्यानं फाटक्या ताडपत्रीचा तुकडा टाकला. आत एका बाजूला कुसुमबाईचं सामान आणि अलीकडे मोकळा हौदा.

कुसुमबाई पायरी उतरून ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी आली. हात फाळक्यावर ठेवला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"बकाराम, हा दोर कायचा?"

"सामान सरकू नये म्हनून, बाई."

"सरकाले त्याच्यामागं अजून काईच नाई. कपाट आलं का मंग आवरते सामान. दोर कायचा?"

बकारामनं खर्रा थुंकला. "मालकाले विचारा, बाई. मले सांगतलं तसं भरून राहिलो."

ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी शांत होता, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. "नंदलाल, राजदीपचे बाबा ट्रान्सपोर्टात होते. मी डब्बा घेऊन जात होती आन पोत्यांवर बसून पाहत होती. दोन घरचा माल एका गाडीत राहिला की मंधात दोर पडते, मालात माल मिसळू नये म्हनून. आन जो माल शेवटच्या गावी उतरते, थो पयले चढते. माझं सप्पा सामान पयले चढलं. गोंदियात यांचं उतरन. मंग माझं कोठी उतरन?"

गोंदियाच्या पुढं रस्ता दवनीवाड्याला जातो आणि दवनीवाडा म्हणजे कुसुमबाईचं माहेर. तिचा धाकटा भाऊ गुलाब तिथं धानाची शेती करतो. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

राजदीप घरातून खोकं घेऊन बाहेर आला आणि आईला फाळक्यापाशी पाहून थांबला.

"आई, काय झालं?"

कुसुमबाईनं त्याला विचारलं नाही. ती समीक्षाकडे वळली. "तू सांगतलं का, मले गुलाबकडं टाकाले?"

समीक्षा रडायलाच लागली. "मी त यांले मनत होती, आईले सांगा, आधी सांगा. हे मनत होते, गाडीत बसल्यावर सांगू."

राजदीपनं खोकं खाली ठेवलं. मग त्यानं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, जमिनीकडे पाहत. खोल्या लहान आहेत. घरमालक जास्त माणसं ठेवत नाही. मामाशी बोलणं झालं आहे, मामा आनंदानं ठेवेल. कायमचं नाही. "चार दिवसाची गोष्ट हाय, आई. मोठं घर भेटलं का मी न्यायले येतो."

"चार दिवस," कुसुमबाई म्हणाली. हळूच फाळक्यावर टेकली. "तुझे बाबा मेले तवा तुझ्या मोठ्या बाबानंही, थ्यांच्या भावानं, हेच मनलं होतं. कुसुम, चार दिवस भावाकडं जाऊन ये, मन हलकं होईन. तू दूध पीत होतास. पेटी घेऊन गेली मी, हेच पेटी. मंग कोणी न्यायले आलं नाई. मी आपल्या पायानं परत गेली त घरात दुसऱ्याचं चूल-भांडं होतं. गुलाब वाईट नाई, वहिनीही वाईट नाई. पण भावाच्या घरी बाई जेवाले बसली का हात आखडते. मी हात आखडून जेवली, मंग इथं आली. माझे चार दिवस अजून सरले नाई, राजदीप."

गल्लीत एव्हाना चार माणसं जमली होती. मी इतकी वर्षं त्या बाईला संशयाचं भूत म्हणत आलो होतो. त्या भुताला कोणी जन्माला घातलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी राजदीपचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल.

राजदीप रडत होता. तो पुढं आला, आईचा हात धरला. "चाल आई. आमच्यासंगच चाल. मामाकडं नाई. चाल तू."

कुसुमबाईनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तिचे खांदे सैल झाले. मला वाटलं ती निघाली. समीक्षानं डोळे पुसले, गाठोडं दोराच्या अलीकडं घ्यायला एक हमाल ट्रकवर चढूही लागला. बकाराम मात्र कामाचा माणूस. त्याला दोर सोडायचा की ठेवायचा हे ठरवायचं होतं. त्यानं राजदीपला सरळ विचारलं, "मंग कसं करू, भाऊ? गाडी एका जागी खाली करायची का दोन जागी?"

राजदीपनं तोंड उघडलं. त्यानं ट्रककडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, समीक्षाकडे पाहिलं. मनातल्या मनात तो त्या दोन खोल्यांत खाट मांडून पाहत असावा. आणि तो बोललाच नाही.

फार वेळ नाही. चुलीवरचं दूध वर येऊन खाली बसावं, एवढाच. पण कुसुमबाईनं हात सोडवून घेतला.

"बकाराम," ती म्हणाली, "माझं उतरव."

त्यानंतर राजदीप खूप बोलला. एका जागी, आई, एकाच जागी, मी सांगून राहिलो ना. पाया पडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण ट्रककडे बोट दाखवणं तिनं थांबवलं नाही. तिची पेटी उतरली, ड्रम उतरला, खाट उतरली, फोटो मी स्वतः उतरवून आणला. दोर सुटला. मग रिकाम्या झालेल्या पुढच्या भागात कपाट गेलं, फ्रीज गेला, आणि त्यांचा सगळा संसार बकारामनं नव्यानं रचला.

ताडपत्री टाकून झाल्यावर कुसुमबाई ट्रकभोवती फिरली. प्रत्येक दोराला बोट घालून ओढून पाहिलं. एका बाजूची गाठ तिला ढिली वाटली, तिनं बकारामला ती पुन्हा बांधायला लावली. फाळक्याच्या कड्या स्वतः हलवल्या. समीक्षाला जवळ घेऊन तिच्या हातात डबा दिला, बुद्धाचं खोकं मांडीवर घेऊन बस म्हणाली. ड्रायव्हरला सांगितलं, आमगावपर्यंत रस्त्यात ढोरं असतात, हळू जा. राजदीप कॅबिनमध्ये चढायला तयार नव्हता. "ड्युटी हाय ना उद्या," असं म्हणून तिनंच त्याला चढवलं.

ट्रक गेला. माणसं पांगली. मी आणि कुसुमबाई दोघांनी मिळून खाट आत नेली. रिकाम्या घरात बोललेलं घुमत होतं. मला राहवलं नाही.

"मावशी, पोरगा असा निघन असं वाटलं नव्हतं मले. लाज वाटाले पायजे होती थ्याले."

"त्याले काई नको मनू," ती म्हणाली. खाटेच्या कडेला बसली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बकारामनं विचारलं तवा पटकन एका जागी मनला असता, त मी खरं मानून बसली असती गाडीत. मंग थ्यानं मले कोठीही उतरवलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "साऱ्या दुनियेचं तपासून पाहिलं, नंदलाल. थ्याचं एकट्याचं कधी पाहिलं नाई."

पेटी आणायची राहिली आहे असं सांगून मी बाहेर आलो.